पृथ्वी गुंठ्यांत : घरच्या फूटप्रिंटच्या नोंदी

९ जुलै २०२३, रविवार

पुतणी बारावीला गेली. ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयाला प्रकल्प करावाच लागतो. वर्गात निम्म्या पोरांनी प्लॅस्टिक घेतलंय, उरलेल्यांनी वृक्षारोपण. हिनं घेतलं ‘आमच्या घराचा इकॉलॉजिकल फूटप्रिंट’. हिशोबाला काका हवा, कारण काका श्रीगोंद्यात पतसंस्थेत खतावण्या बघतो. म्हटलं चालेल, पण नोंदी रोजकीर्दीसारख्या ठेवायच्या. चुकलं तर लाल रेघ मारायची, व्हाइटनर लावायचा नाही.

मला तरी हा सरळ जमाखर्च वाटला. माणूस वर्षभर जे खातो, नेसतो, जाळतो, ज्यावर घर बांधतो, ते सगळं उगवायला आणि त्याचा धूर जिरवायला किती जमीन लागेल, ती नावे बाजू. पृथ्वी त्याच वर्षात किती पिकवू आणि जिरवू शकते, ती जमा बाजू. तिला जैवक्षमता म्हणतात. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वाकरनागेल यांनी १९९०च्या सुमारास ही पद्धत बसवली. आधी तिला ‘व्यापलेली धारणक्षमता’ अशा अर्थाचं एक अवजड नाव होतं. नवा कॉम्प्युटर टेबलावर कमी जागा अडवतो, त्याचा फूटप्रिंट लहान, असं कुणीसं बोललं आणि त्यावरून रीस यांना हे नाव सुचलं म्हणतात. मराठीत कुणी पदचिन्ह लिहितं, कुणी पाऊलखूण. आम्ही फूटप्रिंटच ठेवतोय.

मोजमाप ‘ग्लोबल हेक्टर’मध्ये. जगातली सगळी पिकती जमीन आणि मासेमारीचं पाणी यांची सरासरी काढली की जो हेक्टर येतो, तो. जगात माणशी जमा सुमारे १.६, खर्च २.७च्या आसपास. भारतात माणशी खर्च १.२च्या आसपास आणि आपली स्वतःची जमा ०.४. आईला हेक्टर सांगून उपयोग नाही, म्हणून सगळं गुंठ्यांत करायचं ठरलं. एक हेक्टर म्हणजे ९८.८ गुंठे. म्हणजे भारतीय माणूस तीन एकराला दोन गुंठे कमी वापरतो. आणि जगात प्रत्येकाच्या वाट्याला येतात चार एकराला दोन गुंठे कमी, म्हणजे जवळजवळ आमचा अख्खा सातबारा!

सातबारा १ हेक्टर ६२ आर, चार एकर. खाणारी तोंडं सात : आई, दादा, वहिनी, पुतणी, मी, बायको, आमचा मुलगा. दीड एकर ऊस, एकरभर लिंबं, एकरात बाजरी नाहीतर ज्वारी, राहिलेल्या अर्ध्यात घास, गोठा, घर. दोन संकरित गायी.

१६ जुलै, रविवार

सिलिंडरपासून सुरुवात. कांदे मोजायचा काटा ओट्याशेजारी आणून ठेवला. वहिनी म्हणाल्या, आठवड्याच्या आत हलवा, पायात येतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या कड्यावरच लिहिलेलं असतं, आमच्या टाकीवर १५.९ आहे. रोज रात्री जेवणं झाली की पुतणी वजन घेते. सात दिवसांची सरासरी ३४० ग्रॅम. मंगळवारी मामा आले, त्या दिवशी ५८० ग्रॅम गेला. पुरणाचा बेत होता.

कालनिर्णयवर वहिनी टाकी लावल्याची तारीख लिहून ठेवतात. गेल्या वर्षीची पानं चाळली तर टाकी ४० ते ४२ दिवस पुरते. वर्षाला ९ धरल्या. काट्याचा आणि कॅलेंडरचा मेळ बसला. कालनिर्णय आधीच बघितलं असतं तर काटा आणावा लागला नसता, असं वहिनी म्हणाल्या. खरं आहे.

आता टाकीचे गुंठे. १४.२ किलो गॅस जळला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यात नुसता कार्बन साडेअकरा किलो. त्यातला तीसेक टक्के समुद्र पितो, उरले आठ. सरासरी जंगल एका हेक्टरात वर्षाला सुमारे ७३० किलो कार्बन धरून ठेवतं. भागाकार केला, जंगलाच्या हेक्टरचे ग्लोबल हेक्टर करणारा गुणक १.२८ लावला, उत्तर आलं १.४ गुंठे. म्हणजे एका टाकीचा धूर वर्षभरात जिरवायला जवळपास दीड गुंठा जंगल अडकून पडतं. ९ टाक्यांचं साडेबारा गुंठे. पुतणीनं घराच्या मागं पावलांनी दीड गुंठा मोजून आईला दाखवला. आई म्हणाली, एवढ्यात तर चार लिंबं येतात.

चुलीवर अंघोळीचं पाणी तापतं. तो धूर या खात्यात कार्बन म्हणून धरत नाहीत, कारण झाड पुन्हा वाढताना तो परत घेतं. लाकूडच लाकूड म्हणून मोजायचं. तेही वेड्या बाभळीचं तेवढं, लिंबाची छाटणी आणि पाचट नाही. ती जमीन पिकाच्या खात्यात एकदा आलेली आहे, दुबार नोंद होईल.

२ ऑगस्ट, बुधवार

आज ‘अर्थ ओव्हरशूट डे’, म्हणजे पृथ्वीची वर्षाची जमा माणसं वापरून संपवतात तो दिवस. जगाचा खर्च २.७, जमा १.६, म्हणजे खर्च जमेच्या १.७ पट. ३६५ला १.७नं भागलं की २१४ येतात, आणि वर्षाचा २१४वा दिवस म्हणजे २ ऑगस्ट. गणित इतकंच आहे. ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क नावाची संस्था दरवर्षी हा दिवस काढते, वाकरनागेल यांनीच २००३मध्ये उभी केलेली. २०२०मध्ये लॉकडाऊनमुळे तो २२ ऑगस्टपर्यंत पुढं गेला होता.

देशवार तारखाही असतात. सगळं जग अमेरिकेसारखं राहिलं तर वर्षाची शिधा मार्चच्या मध्यातच संपते. कतारसारखं राहिलं तर फेब्रुवारीतच. भारताची तारीखच नाही, कारण आपला माणशी खर्च जगाच्या माणशी जमेपेक्षा कमी आहे.

मुलानं विचारलं, शिधा आज संपली तर उद्या जेवायचं काय? प्रश्न बरोबर आहे. ओडी, म्हणजे ओव्हरड्राफ्टच्या खात्यासारखं आहे हे. चेक वटत राहतात. जंगल वाढतं त्याहून जास्त तोडलं जातं, मासे वीण होते त्याहून जास्त काढले जातात, आणि न जिरलेला धूर हवेत साठतो. व्याज पुरत नाही म्हणून मुद्दल मोडायचं. आमच्या संस्थेत असा खातेदार लगेच ओळखू येतो. त्याची मोटारसायकल नवी असते.

६ ऑगस्ट, रविवार

वीज आणि पेट्रोल उरकलं. घराचं वीजबिल महिन्याला सरासरी ११० युनिट. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड, कारण वीज अजून मुख्यत्वे कोळशाची. वर्षाचे साडेनऊशे किलो. पेट्रोल दोन्ही गाड्यांचं मिळून पावणेतीनशे लिटर, लिटरला २.३ किलो, म्हणजे सव्वासहाशे. त्यातलं बरंचसं माझं, रोजचं ४४ किलोमीटर जाणं-येणं. गॅसचे ३८० मिळवून सगळे दोन टनांच्या जरा आत. ६५ गुंठे.

शेतातल्या मोटारीवर घोडं अडलं. तिला मीटर नाही, आकारणी हॉर्सपॉवरवर. पाच एचपीची मोटार तासाला साडेचार युनिट ओढते असं धरलं आणि दादाच्या सांगण्याप्रमाणे वर्षाचे ९०० तास, तर चार हजार युनिट होतात. घराच्या तिप्पट! पुतणीनं ते घरखर्चात टाकलं. मी काढून टाकलं. या पद्धतीत खर्च वापरणाऱ्याच्या नावे पडतो, पिकवणाऱ्याच्या नाही. देशाचं खातंही असंच काढतात : उत्पादन, अधिक आयात, वजा निर्यात. ऊस कारखान्याला गेला, साखर मुंबई-पुण्याच्या चहात गेली, तर मोटारीचा धूर त्या चहाच्या नावे.

“म्हणजे मोटार आपली, लाईट आपल्या नावची, आणि खर्च त्यांचा?”

“हो.”

“मग पाणी कुणाचं?”

तेव्हा म्हटलं, पाण्याचं नंतर बघू.

२० ऑगस्ट, रविवार

पाऊस नाही. अधिक श्रावण कोरडा गेला, निज श्रावण लागून चार दिवस झाले तरी आभाळ पांढरंच. बाजरी करपायला लागलीय. आज फूटप्रिंटचं काम ठेवलं बाजूला आणि दादाबरोबर विहिरीवर गेलो.

दादाकडे एक सुती दोर आहे, टोकाला दगड, दर फुटाला गाठ, दर पाचव्या गाठीला लाल चिंधी. दगड पाण्याला टेकला की दोर हातात हलका होतो, तो हलकेपणा कळायला हवा. मला तिसऱ्या खेपेला कळला. ३६ फूट. विहीर ४८ फूट खोल. जुलैच्या सुरुवातीला ३१वर लागलं होतं, असं दादा म्हणाला. भर पावसाळ्यात पाच फूट खाली.

पुतणीनं वहीच्या शेवटच्या पानावर आकडा लिहून ठेवला. प्रकल्पात तो कुठं बसवायचा, तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही. सहा रकाने आहेत : शेतजमीन, कुरण, जंगल, मासेमारी, बांधकामाखालची जमीन, आणि कार्बन जिरवायला लागणारी जमीन. विहीर एकाही रकान्यात नाही.

३१ ऑगस्ट, गुरुवार

टाकी कालपासून दोनशे रुपयांनी उतरली. वहिनी खूश. गुंठे तेवढेच.

१७ सप्टेंबर, रविवार

अन्नाचं खातं. सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला.

रीत अशी. वर्षाला जे धान्य लागतं त्याला जगाच्या सरासरी उताऱ्यानं, म्हणजे हेक्टरी किती पिकतं त्यानं भागायचं, म्हणजे जमीन निघते, तिला शेतजमिनीचा गुणक २.५ लावायचा. गहू आम्हाला वर्षाला ३०० किलो. जगात हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास पिकतो. ०.२१ ग्लोबल हेक्टर, एकवीस गुंठे. बाजरीही ३०० किलो. पण बाजरीसारख्या बारीक तृणधान्यांचा जागतिक उतारा हेक्टरी टनाला टेकता टेकत नाही. ०.८३, म्हणजे दोन एकर! ज्वारी २४० किलो, एकेचाळीस गुंठे.

मी तीनदा तपासलं. आकडे बरोबर होते. बाजरीची भाकरी गव्हाच्या पोळीपेक्षा पृथ्वीला चौपट जड. आणि साखर? महिन्याला आठ किलो, वर्षाला ९६. हेक्टरी सत्तर टन ऊस, त्यातून सातेक टन साखर. निघाले साडेतीन गुंठे. किलोमागे बघितलं तर साखर घरातल्या कुठल्याही धान्यापेक्षा हलकी.

आईला सांगितलं. ती तेव्हा भाकरीच थापत होती. पीठ परातीत गोल फिरवत म्हणाली, “बाजरीला मी आजवर एकदा पाणी दिलेलं आठवत नाही. उसाला वर्षभर देतोय.” आणि भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला.

या वाक्यानंतर माझं या पद्धतीवरून थोडं मन उडालं. आकडा खोटा नाही. पण तो फक्त जमीन विचारतो. कमी जमिनीत जास्त काढलं की शाबासकी देतो, काढलं कशाच्या जोरावर ते विचारत नाही.

बाकीचं पटापट : डाळी ३८ गुंठे, तेल ४०, दूध-अंडी-मटण मिळून ४०, भाजीपाला-फळं १०. मासे वर्षातून चारदा भिगवणची चिलापी, ते लिहायलाही नको. गायींचा एक मुद्दा राहिला. गाय रवंथ करताना मिथेन सोडते आणि तो तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त हातभार लावतो, हे पुतणीच्या पुस्तकात आहे. या खात्यात तो धरतच नाहीत. फक्त कार्बन डायऑक्साइड. गायी सुटल्या.

२४ सप्टेंबर, रविवार

गौरी-गणपतीत सगळे घरी, म्हणून आज बेरीज केली. अन्न २.७९. गॅस-वीज-पेट्रोल ०.६६. कपडे, मोबाइल, औषधं, बस, शाळा, दुकानातला माल यांना अंदाजानं ०.८. नव्या खोलीच्या स्लॅबचं सिमेंट त्यातच, चाळीस वर्षांवर घसारा काढून. देशाच्या खात्यात धूर निघाला त्याच वर्षी नावे पडतो, घसारा नसतो. पण स्लॅब टाकला त्या वर्षी आमचा आकडा एकदम फुगेल, ते बरं दिसत नाही. बाभळीचं सरपण पाव हेक्टर, घराखालची तीन गुंठे जागा ०.०८. एकूण ४.६च्या जवळ.

४५५ गुंठे. अकरा एकर पंधरा गुंठे.

सातबारा चार एकरांचा. पुतणीनं मोठ्यानं वाचलं, “आपण सव्वासात एकर दुसऱ्याचं खातोय.” आई गप्प झाली. तिच्या सासऱ्यांनी बांध कोरला म्हणून भावकीत दहा वर्षं बोलणं नव्हतं, तेही हातभर बांधासाठी. सव्वासात एकर म्हणजे तिच्या हिशोबानं दरोडाच. गणपतीसमोर बसून म्हणाली, “कुणाचं खातोय ते तरी लिहा त्या वहीत.”

१ ऑक्टोबर, रविवार

चूक सापडली. लाल शाईनं लिहितोय.

ग्लोबल हेक्टर आणि सातबाऱ्याचा हेक्टर एक नाहीत. संस्थेत सोनं तारण घेतो तेव्हा २२ कॅरेटची पाटली आणि १८ कॅरेटची अंगठी एकत्र तोलत नाही, दोन्हींचं शुद्ध सोनं काढून बेरीज करतो. इथंही शेतजमीन म्हणजे चोख सोनं. तिचा एक हेक्टर अडीच ग्लोबल हेक्टर भरतो. कुरणाचा अर्ध्याच्याही आत. नावे बाजू मी शुद्ध सोन्यात लिहिली आणि जमा बाजू तशीच पाटलीच्या वजनात. रोज हेच काम करणारा माणूस! ९ जुलैच्या नोंदीतली ‘अख्खा सातबारा’ ही ओळही त्याच चुकीची, तीवर लाल रेघ मारली.

दुरुस्त जमा : १.६२ गुणिले २.५, म्हणजे ४.०५. पुढं उताऱ्याचा गुणक येतो, आपली जमीन जगाच्या सरासरीपेक्षा किती जास्त पिकते तो. गेल्या हंगामाच्या वजनपावत्या काढल्या. दीड एकरात ६२ टन ऊस, हेक्टरी १०२-१०३. जगात सत्तरेक. गुणक १.४४. उसाची ०.६ हेक्टर जमीन एकटी २.१६ भरली. बाकीच्याला १ धरला. एकूण ४.७.

जमा ४.७, नावे ४.६. शिल्लक आहे! माणशी खर्च ०.६६. रस्ते, धरणं, दवाखाने यांतला आमचा वाटा घरच्या काट्यावर येत नाही, म्हणून देशाच्या सरासरीच्या खाली, ते धरून चालू. सगळं जग आमच्यासारखं राहिलं तर अर्धी पृथ्वीही लागत नाही.

आईला सांगितलं, कुणाचं खात नाही. तिनं देवाला हात जोडले. पुतणी मात्र वहीचं शेवटचं पान उघडून बसली होती.

१५ ऑक्टोबर, रविवार

घटस्थापना. घट बसवून झाले की मोटारीचं पाणी मोजायला गेलो. बाजारात मीटर मिळतो, पण आमच्याकडे दोनशे लिटरचा निळा ड्रम आहे आणि मोबाइलमध्ये स्टॉपवॉच.

दादानं पाइप ड्रमात धरला, पुतणीनं वेळ लावली. पहिल्या खेपेला पाइप निसटला आणि मी नखशिखांत भिजलो. नंतरच्या तीन खेपा : २७, २८, २९ सेकंद. सरासरी २८. सेकंदाला सात लिटर, तासाला साधारण २५,७०० लिटर. घरात अंघोळ, धुणं, भांडी, गायी मिळून दिवसाला हजार लिटर जात असतील. मोटार तेवढं अडीच मिनिटांत फेकते.

दोर ३३ फुटांवर. सप्टेंबरातल्या पावसानं थोडं सावरलं.

२९ ऑक्टोबर, रविवार

पाण्याचं वेगळं खातं उघडलं.

नावे : ९०० तास गुणिले २५,७००. दोन कोटी एकतीस लाख लिटर, म्हणजे २३,१०० घनमीटर. त्यातलं दोन तृतीयांश उसाला, दादाच्या मते. १५,४०० घनमीटर, दीड एकरावर. पसरलं तर अडीच मीटरांहून उंच, दादा हात वर करून उभा राहिला तर बोटं बुडतील एवढं.

जमा : आमच्याकडे वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस. चार एकरांवर पडणारं सगळं पाणी, एक थेंब वाहून गेला नाही, उडाला नाही, असं धरलं तरी ८,१०० घनमीटर.

पडतं ८,१००, उपसतो २३,१००. जवळजवळ तिप्पट.

जगाची उचल १.७ आहे म्हणून २ ऑगस्टला दिवस पाळतात. आमच्या विहिरीची २.८५. तोच भागाकार केला तर आमचं वर्षाचं पाणी ८ मेच्या आसपास संपतं. आणि हे मुरण्याचा हिशोब न धरता. काळ्या पाषाणात पावसाचा थोडाच वाटा मुरतो.

मग एवढं पाणी येतं कुठून? दादाला हे कोडं पडतच नाही. कुकडीच्या कालव्याला आवर्तन आलं, म्हणजे धरणाचं पाणी सुटलं, की आठवड्यात विहिरीला पाझर फुटतो. म्हणजे जुन्नरकडच्या डोंगरात पडलेला पाऊस. आणि बांधापलीकडचं पाणी. खाली खडकाच्या भेगा सातबारा बघून थांबत नाहीत. आई गणपतीत म्हणाली होती, कुणाचं खातोय ते लिहा. आज लिहिलं.

साखरेचं पाणीही काढलं. ६२ टनांना १५,४०० घनमीटर, किलो उसाला २४८ लिटर. नेदरलँड्सचे आर्यन हुकस्ट्रा यांनी २००२मध्ये ‘वॉटर फूटप्रिंट’ मांडला. त्यांच्या आकडेवारीत उसाची जागतिक सरासरी किलोला २१०च्या आसपास आहे, तीही पावसाचं पाणी आणि प्रदूषण विरळ करायला लागणारं पाणी धरून. आमचे २४८ नुसते मोटारीचे. अकरा टक्के साखर उतारा धरला तर एक किलो साखरेला २,२६० लिटर. घरात खातो ९६ किलो, बाहेर जाते पावणेसात टन. लंडनचे टोनी ॲलन मालातून असं न दिसता जाणाऱ्या पाण्याला आभासी पाणी म्हणायचे. शब्द छान आहे, पण विहिरीवर उभं राहून तो तोंडात येत नाही.

पुतणीला आता उलगडलं, सप्टेंबरात साखर हलकी आणि बाजरी जड का आली ते. पाणी ओतून उतारा वाढवला की फूटप्रिंटच्या खात्यात खर्च कमी दिसतो आणि वर जैवक्षमताही वाढते. ४.७ मधली शिल्लक त्या १.४४नं आली, आणि १.४४ आलं मोटारीनं. मोटार जास्त चालवली तर आम्ही कागदावर आणखी हिरवे.

हे आम्हीच शोधलं असं नाही. २०१३मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात काही शास्त्रज्ञांनी हाच आक्षेप घेतला होता : शेतजमिनीच्या खात्यात खर्च आणि जमा बांधणीमुळंच जुळतात, म्हणून माती झिजली, पाणी आटलं तरी तूट दिसत नाही. जगाची तूट जवळजवळ सगळी कार्बनच्या रकान्यातून येते. वाकरनागेल आणि मंडळींनी उत्तर दिलं की आमचं खातं मुळात किमान धरून काढलेलं आहे, खरी उचल याहून जास्तच असेल. दोघांचं म्हणणं मला पटतं. ताळेबंद खोटा नसतो. पण जे खातंच उघडलं नाही, त्याची थकबाकी त्यात येत नाही.

३ डिसेंबर, रविवार

मागच्या रविवारच्या अवकाळीनं लिंबाची फुलं झडली. प्रकल्पाचं काही झालं नाही. पुतणीची सराव परीक्षा.

१० डिसेंबर, रविवार

दोर ३७. रविवारची जेवणं झाल्यावर दादाशी विषय काढला. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात हे खातं दरवर्षी निघतं. पाऊस किती पडला ते मोजायचं, माणसं-जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलं त्यात कोणतं पीक बसतं ते ग्रामसभेत ठरवायचं. पोपटराव पवारांच्या गावात शेतीला बोअर घ्यायला बंदी, उसाला नि केळीला बंदी. पुतणीला ते प्रकल्पात घ्यायचंय.

दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तिथं सगळं गाव मोजतं. इथं मी एकट्यानं मोटार बंद ठेवली तर माझं पाणी बांधापलीकडची मोटार ओढील. तुझ्या वहीत मी शहाणा, आणि ऊस त्याचा उभा.” वर म्हणाला, “बाजरीला कारखाना काटा लावतो का? पंधरा दिवसांत खात्यावर पैसे टाकतो का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पीककर्ज उसावर सहज मंजूर होतं आणि बाजरीवर मागायलाही कुणी येत नाही, हे मी रोज कौंटरवर बघतो.

२४ डिसेंबर, रविवार

काल तोंडी परीक्षा झाली. पुतणीनं सांगितलेलं तसंच लिहितो. बाईंनी पहिलंच विचारलं, किती पृथ्व्या लागतील? ही म्हणाली, ०.४१. बाई म्हणाल्या, छान. मग हिनं दुसरं खातं उघडलं, ८,१०० आणि २३,१००. बाई म्हणाल्या, हा वेगळा विषय झाला, एक काहीतरी निष्कर्ष लिही. हिनं निष्कर्षाच्या पानावर दोन्ही ताळेबंद शेजारी शेजारी चिकटवले आणि खाली विहिरीच्या गाठींचा आलेख. वीसपैकी सतरा. तीन कशाचे गेले विचारलं तर म्हणाली, वृक्षारोपणाचा फोटो नव्हता.

१४ जानेवारी २०२४, रविवार

भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी, खेंगट. माणशी अडीच भाकरी. पुतणीनं गुंठे काढायला घेतले तर वहिनींनी वही काढून घेतली.

उसाला परवा तोड आली. टोळी पाथर्डीकडची, मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन आलेली. आमच्या खात्यात उचल हा शब्द पाण्याला वापरलाय, ते त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. दीड एकरात ५३ टन भरला. गेल्या वर्षीपेक्षा नऊ टन कमी, आणि ऑगस्टात पाऊस नव्हता म्हणून मोटार गेल्या वर्षीपेक्षा जास्त चाललेली. नवा गुणक काढला तर १.२३ येतो. जमा ४.४वर आली. या वर्षी कागदावरही तूट.

दोर ४१.

दादानं खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाला पुन्हा फुटणारं पीक, एक एकरच ठेवायचा म्हटलंय, तोही ठिबकवर. अर्ध्या एकरात उन्हाळी बाजरी. पक्कं नाही. दोनदा बदललंय.

संध्याकाळी तो निळा ड्रम मागत आला. म्हटलं, आता कशाला, प्रकल्प संपला. म्हणाला, बांधापलीकडच्या मोटारीचं पाणी मोजायचंय. त्यांना विचारलंस का? म्हणाला, विचारायचं काय त्यात, ड्रम आपला आहे. पुतणी स्टॉपवॉच घेऊन त्याच्या आधी निघाली होती.